चोवीस जागांची गाडी

त्याला सगळे चोवीस म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि बायकोला ठाऊक होतं; बाकी कुणाला त्याची गरज पडली नाही. पार्कातल्या लाकडी रोलर कोस्टरच्या गाडीत चोवीस जागा होत्या, दोन-दोनच्या बारा ओळी. सत्तावीस वर्षं तो त्या गाडीत माणसं बसवत होता, आणि रांगेत माणूस उभा असताना त्याच्या गाडीतली जागा रिकामी गेली, असं सहसा कुणी पाहिलं नव्हतं.

काम दिसायला सोपं. माणसं येतात, बसतात, गाडी जाते. पण माणसं जोडीजोडीने येत नाहीत. तिघं येतात, पाचजण येतात, रुसलेली बायको येते आणि नवऱ्याशेजारी बसायला तयार नसते. गाडी वर फिरत असतानाच चोवीस रांगेवरून नजर फिरवून ठेवायचा. इथे तिघं आहेत, मागे आठ माणसं सोडून आणखी तिघं आहेत, म्हणजे दोन सुटे जमले. मग एक बोट वर करून विचारायचा, "एकटं कोण आहे?" ओरडायचा नाही. गाडी फलाटाला लागली की उतरणारे डावीकडून, चढणारे उजवीकडून. प्रत्येक ओळीचा आडवा दांडा तो स्वतः तपासायचा, एकदा खाली दाबून आणि एकदा वर ओढून. शेवटच्या ओळीपाशी उभं राहून ब्रेकवाल्याला अंगठा दाखवायचा. गाडी लागल्यापासून सुटेपर्यंत पंचाहत्तर सेकंद. संध्याकाळी दांड्यांच्या रबराने त्याचे दोन्ही तळवे काळे झालेले असत.

दुसऱ्या राइडवरची माणसं म्हणायची, दोन जागा रिकाम्या गेल्या तर काय आभाळ कोसळतं का. तो म्हणायचा, हेच रांगेतल्या शेवटच्या माणसाला जाऊन सांग आणि मग ये.

त्याचा दोस्त म्हणजे पार्काचा सुतार. सुतार रोज सकाळी हातोडी घेऊन सगळा मार्ग पायी चढायचा, फळी-फळीवर ठोका मारायचा आणि आवाजावरून सांगायचा की कुठली तुळई आतून सडली. सुतार आणि चोवीस यांचा आपसात एक नियम होता, जो कुठल्या कागदावर नव्हता. थंडीच्या दिवसांत अठरापेक्षा कमी माणसं घेऊन गाडी सोडायची नाही. चाकांचं वंगण घट्ट होतं, हलकी गाडी दुसऱ्या चढावर दम टाकते, मागे सरकते आणि खालच्या खोलगटात जाऊन बसते. तिथून तिला कुणी हलवू शकत नाही. म्हणून माणसं कमी असली की चोवीस थांबायचा. अठरा जमली की मग सोडायचा. लोक थोडं कुरकुरायचे आणि गप्प बसायचे.

पानगळ सुरू झाली की पार्क ओस पडायचा. शाळा उघडलेल्या, सुट्ट्या संपलेल्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी तर रांगेच्या लोखंडी कठड्यांमधून नुसती पानं फिरायची. दोन गाड्यांपैकी एक दुरुस्तीला शेडमध्ये जायची. आणि नेमके याच दिवसांत मंडळवाले यायचे.

मंडळवाले म्हणजे त्या रोलर कोस्टरचे चाहते. दुसऱ्या शहरांतून यायचे, तीन-तीन तास गाडी चालवून. कुठल्या दिवशी गर्दी सगळ्यात कमी असेल याचा अंदाज त्यांच्याकडे महिनाभर आधी तयार असायचा, आणि तो ऑफिसच्या अंदाजापेक्षा बरोबर निघायचा. लाकडी कोस्टरला ते म्हातारी म्हणायचे. सगळ्यांची जाकिटं एकसारखी, पाठीवर तिच्या चढउतारांची रेघ शिवलेली. एकाने तीच रेघ दंडावर गोंदवून घेतली होती. सुताराने बदललेल्या फळीचे तुकडे ते मागून न्यायचे आणि घरी काचेच्या कपाटात ठेवायचे. सुतार म्हणायचा, मी सरपण फुकट वाटतो आणि लोक पाया पडून नेतात, माझ्यासारखा पुण्यवान मीच.

मंडळाच्या मुख्य एक शाळेतल्या बाई होत्या. पंचेचाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला सरळ. मंगळवारी रजा काढून त्या यायच्या आणि वीस-वीस वेळा बसायच्या. मंडळवाले चोवीसला दादा म्हणायचे. सुतार त्यावरून चिडवायचा की, तुझ्या सख्ख्या बहिणीने तरी तुला इतक्या मायेने हाक मारली होती का कधी.

म्हातारीचा प्रश्न निघाला तो अशाच एका पानगळीत.

ऑफिसात नियोजन बघणाऱ्या एक मॅडम नवीन आल्या होत्या. वयाने चोवीसच्या लेकीएवढ्या. त्यांनी त्याला बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोरचा पडदा त्याच्याकडे वळवला. प्रत्येक राइडपुढे एक आकडा होता. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात लाल पत्र्याची चकती द्यायची, ती फलाटावर पोचायला किती मिनिटं लागली ते ऑफिसला कळवायचं, ही पार्काची पद्धत होती. उंचावरून खाली सोडणारी नवी राइड होती, तिच्यापुढे पंचावन्न मिनिटं. म्हातारीपुढे सात.

"काका, तुमच्या राइडला लोक थांबतच नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"थांबायला लागू नये म्हणून तर मी आहे."

त्यांना वाटलं तो विनोद करतोय. त्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला. नव्या राइडवर एका खेपेला बारा माणसं जातात, तीही सगळ्या जागा भरून नाही. तासाला दीडशे झाली तरी खूप. त्याची एक गाडी तासाला चारशेच्या वर माणसं नेते. रांग छोटी दिसते कारण ती पुढून संपत असते. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं की, माणसं मोजलेली कुठे आहेत. माणसं मोजणारं फिरतं दार चार वर्षांपूर्वी काढलं होतं, बाळांच्या गाड्या अडकतात म्हणून. सुताराकडे फेऱ्यांची नोंद होती, ब्रेकच्या फळ्या कधी बदलायच्या त्यासाठी.

"फेऱ्या झाल्या हे कळतं," मॅडम म्हणाल्या. "आत माणसं होती हे कशावरून?"

"मी बसवली."

मॅडमनी पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. ते त्याला लागलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं की, म्हातारीचं निम्मं लाकूड या हिवाळ्यात बदलावं लागणार आहे आणि वर बसलेली माणसं विचारणार की कशासाठी. हंगामाच्या शेवटच्या रविवारचा आकडा धरून निर्णय होईल. सात-आठ मिनिटांची राइड असेल तर पाडून टाकतील.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची, दिवसाला तीनशे. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही कामचुकार असता, तर ती वाचली असती."

तो जेवला नाही. भाजी चिवडत बसला. सत्तावीस वर्षांत त्याने एकच गोष्ट केली होती, रांग संपवली होती, आणि आता तीच रांग नाही म्हणून त्याच्या हातून गाडी जाणार होती. हे कुणाला सांगायचं तर ऐकणाऱ्याला हसू आलं असतं.

पुढच्या मंगळवारी शाळेच्या बाई आल्या. त्यांना सगळं कळलं होतं. पार्कातल्या गोष्टी मंडळाला कामगारांच्या आधी कळायच्या. त्या दिवशी त्या गाडीत बसल्याच नाहीत. कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी योजना सांगितली. शेवटच्या रविवारी मंडळ चारशे माणसं आणणार. बस ठरल्या होत्या. सगळे दिवसभर म्हातारीच्याच रांगेत उभे राहणार, उतरले की पुन्हा मागे जाऊन लागणार.

"पण चारशे माणसं तुम्ही तासाभरात संपवाल, दादा."

"तेवढा वेळही नाही लागणार."

"म्हणून म्हणते. त्या दिवशी बाराच बसवा. एका ओळीआड एक ओळ सोडा. दोन तासांचं वेटिंग लागेल. एकच दिवस."

तो म्हणाला की, मला तसं काम येत नाही. बाईंनी मान हलवली, जणू हे उत्तर त्या घरूनच धरून आल्या होत्या. मग त्या हळू म्हणाल्या, "मी तीन हजार एकशे बारा वेळा बसले. एकदाही दांडा दुसऱ्या कुणी तपासला नाही. तिथे उद्या मैदान होणार असेल, तर तुमचं नीट काम घेऊन मी काय करू?"

थंडीतल्या अठरांचा नियम त्याला आठवला नाही असं नाही. त्याने तो बाईंना बोलूनही दाखवला. पण सूर्य वर आल्यावर बारा माणसांनी गाडी जाते, हे नियम ठरण्याआधी त्याने एक-दोनदा पाहिलं होतं. ओळीआड भरू, वजन सगळीकडे सारखं राहील. बाई म्हणाल्या, तुम्हाला तिचं सगळं कळतं. त्याला त्या म्हणण्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची नंतर त्याला फार लाज वाटली. सुताराला त्याने काही सांगितलं नाही. सुतार नाही म्हणाला असता.

शेवटचा रविवार स्वच्छ उजाडला. दहाच्या आत रांग कठड्यांमधून बाहेर येऊन शोभेच्या झाडांच्या कुंपणापर्यंत गेली. एकसारखी जाकिटं, गळ्यात एकसारखे पट्टे, कुणीतरी बिगुल आणलेला. मंडळवाले एका सुरात म्हातारीचं नाव घेत होते. त्यांच्यामध्ये साधी कुटुंबंही होती, कसली धामधूम आहे म्हणून बघायला येऊन रांगेला लागलेली.

त्याने बाराजण बसवले. हात अडखळत होते. एक ओळ भरायची आणि पुढची सोडायची, हे त्याच्या हातांना कळेना. पहिल्या दोन खेपांना ते आपोआप रांगेकडे वळले आणि त्याला मागे घ्यावे लागले. इतक्या वर्षांत कधी झालं नाही इतकं त्याचं अंग दुखायला लागलं. गाडी वर जायची आणि तिचा आवाज पोकळ यायचा. बाराच्या सुमाराला लाल चकती पंच्याण्णव मिनिटांनी फलाटावर आली. फलकावर आकडा लागला तेव्हा रांगेने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं राबलो तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती.

दोनच्या पुढे ढग आले. वारा पूर्वेकडून सुटला. तो रांगेकडे बघत होता, वाऱ्याकडे नाही. शाळेच्या बाई तिसऱ्यांदा चढल्या, त्यांच्यामागे एक बाप आणि त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी. एकूण बारा. त्याने अंगठा दाखवला.

गाडी साखळीवरून वर गेली, खाली आली, दुसऱ्या चढाच्या पोटात शिरली. तिचा वेग मरतोय हे त्याला दिसण्याआधी ऐकू आलं. चढाच्या माथ्याला पाच हात उरले असताना ती थांबली, क्षणभर तशीच राहिली आणि मागे सरकली. खोलगटात दोन-तीनदा झुलली आणि बसली.

रांगेतला बिगुल बंद झाला.

सुतार धावत आला. त्याने गाडीकडे पाहिलं, रिकाम्या ओळी पाहिल्या, मग चोवीसकडे पाहिलं. शिव्या द्यायला त्याच्याकडे वेळ नव्हता. दोघं बाजूच्या अरुंद फळीवरून वर गेले, कमरेला दोर बांधून. खोलगट म्हटलं तरी जमिनीपासून दोन मजले उंच होतं. एकेकाचा दांडा किल्लीने सोडवायचा, कमरेला पट्टा अडकवायचा, फळीवर उभं करायचं आणि जिन्यापर्यंत न्यायचं. एकेकाला पाच-पाच मिनिटं. वारा कानात शिरत होता. बाई सगळ्यात शेवटी उतरल्या. त्यांचे ओठ निळे पडले होते आणि त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

त्याने त्या मुलीला स्वतः आणलं. ती रडली नाही. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने त्याचा पंजा धरून पायरी-पायरी उतरली. अर्ध्यावर तिने मागे वळून गाडीकडे पाहिलं.

"आमच्या मागच्या जागा रिकाम्या का होत्या?" तिने विचारलं. "आम्ही तर दोन तास उभे होतो."

त्याने पुढची पायरी दाखवली.

खाली आल्यावर सुताराने त्याला शेडच्या आड नेलं. तो रागावला होता, पण दोस्त होता. म्हणाला की, वंगण घट्ट झालं, चाक जाम झालं, एवढंच सांगायचं. कुणाला इजा झालेली नाही. कोण विचारतंय आत किती जण होते.

"तसं सांगितलं तर दोष तिचा होतो," चोवीस म्हणाला.

ते खरंच होतं. चाक जाम झालं म्हटलं की म्हातारी थकली, थकली म्हटलं की पाडा. आज कुणाचा तरी दोष निघणार होता, तिचा नाहीतर त्याचा.

हात न धुताच तो मॅडमच्या खोलीत गेला. उभ्यानेच सांगितलं. बारा बसवले, मुद्दाम बसवले, वेटिंग वाढावं म्हणून. बाईंचं नाव घेतलं नाही. मॅडमचा चेहरा उतरत गेला. त्या म्हणाल्या की, आजचा आकडा मग धरताच येणार नाही.

"आजचा नका धरू. गाडी का अडकली ते धरा. हलकी होती म्हणून अडकली. पानगळीत अठराच्या आत माणसं असली की गाडी अडकतेच. सुताराला विचारा, मागच्या अकरा वर्षांत कितीदा अडकली."

मॅडमनी सुताराला बोलावलं. तो वही घेऊन आला. अकरा वर्षांत एकदाही नाही. मॅडमनी वही स्वतःकडे ओढली आणि बराच वेळ पानं उलटत राहिल्या. बाहेर मंडळवाले अजून गेले नव्हते. बंद राइडसमोर तसेच रांगेत उभे होते.

"म्हणजे एरवी अठराच्या खाली कधी नव्हतीच," त्या शेवटी म्हणाल्या.

"चोवीस असायची."

त्यांनी फेऱ्यांना आधी अठराने गुणलं, मग चोवीसने. अठराने गुणूनही जो आकडा आला तो पार्कातल्या इतर कुठल्याही राइडच्या दुपटीहून मोठा होता. मॅडम त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "काका, हे सगळं मला लेखी लागेल. मुद्दाम केलं, हेसुद्धा. आणि मग तुम्हाला फलाटावर ठेवता येणार नाही."

"लिहून घ्या. सही करतो."

त्याने सही केली तेव्हा तळव्याचा काळा ठसा कागदाच्या कडेला उमटला. मॅडमनी दुसरा कागद काढला नाही. तो त्यांच्या जागी असता, तर त्यानेही अशा माणसाला फलाटावर ठेवलं नसतं, हे रात्री घरी त्याने बायकोला सांगितलं. बायको एवढंच म्हणाली की, मुलीला कुठे खरचटलं तर नाही ना. मग तिने गरम पाणी काढलं आणि त्याचे हात बुडवून ठेवले.

म्हातारी वाचली. हिवाळ्यात लाकूड बदललं. मंडळाने सगळीकडे पसरवलं की चारशे माणसांच्या रांगेने तिला वाचवलं, आणि त्या रविवारची तारीख जाकिटांवर शिवून घेतली. गाडी अडकली ती गोष्ट त्यांच्यात मोठ्या मजेने सांगितली जाते. नवीन नियम आला की, थंडीत रिकाम्या जागांवर वाळूची पोती बांधायची. फलाटावर नवीन माणूस आला. तो सोळा-सतरा बसवतो आणि मागच्या ओळींत पोती असतात. पोती आहेत म्हटल्यावर त्याला सुटे शोधायची गरज पडत नाही. म्हातारीचं वेटिंग आता पन्नास मिनिटं असतं. ऑफिस खूश आहे.

चोवीसला गाड्या लावायच्या मैदानात टाकलं. तिथे तो गाड्या अशा लावून घेतो की मधे माणूस आडवा शिरेल तेवढीच फट राहते. एका ओळीत इतरांपेक्षा तीन गाड्या जास्त बसतात. कुणी मोजलेल्या नाहीत.

पुढच्या पानगळीत एका मंगळवारी शाळेच्या बाई आल्या. त्याने हाताने खूण करत त्यांची गाडी मागे घ्यायला लावली. त्या उतरल्या, जवळ आल्या. त्याने विचारलं, आज किती वेळा.

"दोनदा झालं तरी पुष्कळ," त्या म्हणाल्या. "रांग फार असते, दादा. मंगळवारीसुद्धा." त्यांनी झाडांवरून दिसणाऱ्या माथ्याकडे पाहिलं. "तुम्ही होता तेव्हा..." एवढं बोलून त्या थांबल्या. पर्समधून कागदात गुंडाळलेला लाकडाचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. दुसऱ्या चढावरचा, म्हणाल्या, सुताराकडून आणलाय. मग त्या फाटकाकडे गेल्या.

त्याने तुकडा खिशात घातला. माथ्यावर गाडी आली होती. तिथून मैदानापर्यंत आवाज नीट यायचा: साखळीची खडखड, मग पुढच्या ओळींतला आरडाओरडा, आणि मागून नुसती घरघर. मागे पोतीच होती. तो मान तिरकी करून गाडी खाली जाईपर्यंत ऐकत राहिला.

"सोळा," तो म्हणाला, आणि पुढच्या गाडीला हात दाखवला. अजून एक हात मागे.